देते, थांब की

समर्थनगर, औरंगाबाद
२१ एप्रिल २०१९

चि. हिमानी,

आशीर्वाद आधी घे, तक्रारी मागून येताहेतच.

तुझ्या शिलाँगला म्हणे छत्री वाळायला सवड मिळत नाही. इथं आमच्या सोसायटीची टाकीच वाळली आहे. टँकर एक दिवसाआड येतो, तोही ड्रायव्हर रामकिसनच्या लहरीप्रमाणं. आमचे चेअरमन देवेश यांनी परवा जिन्यात नोटीस लावली : ‘पाहुण्यांना बोलावण्यापूर्वी कमिटीस कळवावे.’ मी खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘पाहुणे आपलं पाणी घेऊन येतील, चेअरमननी आपली अक्कल घेऊन यावी.’ तेव्हापासून ते मला नमस्कार करत नाहीत. तेवढीच शांतता. तिकडं बीड बायपासवर काचेच्या इमारती भराभर वर चालल्यात आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव आहे. त्यात काय धूळ भरणार आहेत, कोण जाणे.

असो. आता इंटरनेटवरून उपसलेला रविवारचा माल.

पहिलं, एक बदक. परदेशातल्या कुठल्याशा गावात ते रोज पट्ट्यापट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडतं. गाड्या थांबतात. आमच्या क्रांती चौकात आणून सोडा म्हणावं, संध्याकाळपर्यंत तेही सिग्नल तोडायला शिकेल. दुसरं, एक गृहस्थ फक्त चुकीच्या पाट्यांचे फोटो गोळा करतात. त्यातली एक तुझ्यासाठी : ‘येथे कचरा टाकणाऱ्यास कचऱ्यासह नेले जाईल.’ तिसरं ऐकून तुला हसू येईल. कुणीतरी दहा तास नुसता पाऊस पडतानाचं चित्रण टाकलंय आणि लाखो लोक ते लावून झोपतात. मीही लावलं. नुसतं बघत बसले.

चौथं साळूबाईनं दिलं. ती फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं येते, माझी भांडी घासते आणि सगळ्या जिल्ह्याची करमणूक तिच्या मोबाइलमध्ये असते. चार पोरं रिकामे हंडे घेऊन नाचताहेत, मधेच सगळी एकदम थबकतात आणि ओंजळ पुढं करतात. सगळं शहर त्यावर फिदा आहे म्हणे. लिंक खाली आहे. त्यात काय वाजतं ते तूच ऐक. तुला माहीत आहे, मी फोन कायम मुका ठेवते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून केली. लोकांची भांडणं, सोयरिकी, मयती, सगळं माझ्या कानातून गेलं. आता जे काही बघायचं ते निवांत बघायचं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, सभ्य माणसाला दोनदा ऐकावं लागत नाही. मला आता एकदाही ऐकायचं नाही.

जावई शंतनूला आशीर्वाद. त्याला म्हणावं, दाढी काढ.

तुझी,
अंबिकामावशी

————

शिलाँग
२७ एप्रिल २०१९

प्रिय मावशी,

दाढी निघणार नाही, इथं थंडी आहे. बदक आवडलं. पाटी माझ्या वर्गात भिंतीवर लागली. वनस्पतिशास्त्राच्या पोरांना मराठी येत नाही, पण मी अर्थ सांगितल्यावर प्रयोगशाळेत एकदम स्वच्छता आली.

माझ्याकडूनही एक घे. एक बाई रस्त्यावर एकट्याच पडलेल्या चपलांचे फोटो काढते. जोडी असेल तर घेत नाही. प्रत्येकीखाली जागा आणि तारीख. आधी हसले, मग बराच वेळ बघत राहिले. दुसरी चप्पल कुठं गेली असेल, असं वाटत राहतं.

पण मावशी, तुझं चौथं! तू ते आवाज न ऐकता पाठवलंस? अगं, मजा सगळी आवाजातच आहे. खूप जुनी, खरखरणारी टेप असावी. एक बाई अशा थाटात सांगते की जणू पाणी बंद होणं हा एखादा समारंभच आहे : ‘नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या गुलमंडी, औरंगपुरा आणि पैठण गेट या भागांत पाणी येणार नाही. पाणी जपून वापरावे.’ तेवढ्यात मागून एक लेकरू केकाटतं, ‘आई, पाणीऽ!’ बाईंचा सूर जरासुद्धा हलत नाही. त्याच सरकारी आवाजात म्हणतात, ‘देते, थांब की,’ आणि लगेच पुढं, ‘पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.’ तिथं ती पोरं ओंजळ करतात आणि ढोल सुरू! शंतनू हसताना खुर्चीवरून घसरला.

आता बातमी. मुद्दाम शेवटी ठेवली. मला दिवस गेलेत. तिसरा महिना. सकाळी उठलं की पोटात कालवतं, चहाचा वासही नको होतो. आणि हसू नकोस, पण मी तेव्हा ते तुझं चौथं लावते. त्या बाईंचं ‘देते, थांब की’ ऐकलं की पोट जरा ऐकतं. शंतनू म्हणतो, बाळ जन्माला आल्यावर आधी पाणीपुरवठ्याची चौकशी करेल.

एक विचारायचं होतं. इथल्या डॉक्टर विचारतात, तुमच्या आईला बाळंतपणात काही त्रास झाला होता का? मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, ‘तिला ताप आला होता,’ आणि विषय आंब्यांच्या भावावर नेला. सावत्र असूनही माईनं मला काही कमी केलं नाही, ते तुला माहीत आहे. पण आईबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही आणि मीही लहानपणापासून विचारायचं नाही असं शिकले. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. चेहरा मला फोटोतला माहीत आहे. फोटो बोलत नाही. तू तिची बहीण. तू तरी सांग. कशी बोलायची ती?

तुझी,
हिमू

————

समर्थनगर, औरंगाबाद
३ मे २०१९

चि. हिमानी,

अनेक उत्तम आशीर्वाद. बातमी वाचून खुर्चीत बसले आणि साळूबाईला पेढे आणायला पाठवलं. जपून राहा. जिने चढू नकोस. पाणी उकळून पी. तिथं ढग दारात येतात म्हणून पाणी स्वच्छच असतं असं समजू नकोस. उकळ, गाळ, पुन्हा उकळ. बाहेरचं काही पिऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. हे मी गमतीनं लिहीत नाही.

मनू चांगली बोलायची. सगळ्यांशी. बाकी सावकाश लिहीन.

ते चौथं मात्र बंद कर. मी पाठवलं ही माझी चूक. तुझं पत्र वाचून मी फोनचा आवाज पहिल्यांदा मोठा केला आणि ते ऐकलं. हसण्यासारखं त्यात काय आहे? निळा फ्रॉक घातलेलं एवढंसं लेकरू तहानेनं ओरडतंय आणि गाव त्यावर ढोल बडवून नाचतंय! आम्ही शाळेत कुणाच्या रडण्यावर हसलो असतो तर सिस्टरनी उन्हात उभं केलं असतं. आता रडण्याला चाल लावतात.

आणि ते सुटतही नाही. परवा गुलमंडीत परकर-पोलक्याचं कापड घ्यायला गेले तर दुकानदाराच्या खिशात तेच वाजलं. रिक्षात तेच. रामकिसननं तर टँकरच्या भोंग्यालाच ते लावलंय. खाली पाणी आलं की वर माझ्या खिडकीत ते पोर ओरडतं. काल साळूबाई भांडी घासताना गुणगुणत होती. मी म्हटलं, “बंद कर ते.”

ती म्हणाली, “का बाई? लई भारी हाय की. पर एक हाय बघा. ती बाई म्हंती, देते, थांब की. कितींदा बी लावा, देत मात्र नाय. लेकरू आपलं मागतंय ते मागतंय.”

मी तिला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं.

या आठवड्यात दुसरं काही सापडलं नाही. इंटरनेट म्हणजे भंगाराचं गोदाम आहे. कुणाचं काय कुठून निघेल, भरवसा नाही.

मावशी

————

शिलाँग
१२ मे २०१९

प्रिय मावशी,

पाणी उकळते. गाळते. शंतनू पुन्हा उकळतो. तुझ्या पत्राची त्यानं धास्ती घेतली आहे.

तुला आवडणार नाही, पण मी ते चौथं बंद केलं नव्हतं. रोज सकाळी लावत होते. आणि आता ते गेलं! सोमवारी लिंक उघडली तर तिथं नुसती काळी चौकट : हे चित्रण काढून टाकण्यात आले आहे. मी इतकी हिरमुसले की मलाच नवल वाटलं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते लागलं का म्हणून शोधत बसले. सापडलं नाही. कुणी तरी आगाऊ माणसानं तक्रार केली असणार. तू शोधून काढ ना त्याला. त्या माणसाला तू झाडलंस की तो ते परत तरी टाकेल, नाहीतर गाव सोडून जाईल. दोन्ही चालेल.

आता एक विचारते. खरं सांग.

तुझं पत्र मी काल पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, निळा फ्रॉक घातलेलं लेकरू. मावशी, त्या चित्रणात लेकरू दिसत नाही. फक्त ऐकू येतं. दिसतात ती हंडे घेतलेली पोरं. ते मूल मुलगी आहे की मुलगा, हेसुद्धा आवाजावरून कळत नाही. मग तुला फ्रॉक कुठं दिसला? आणि निळा?

शिवाय मी तुला आईबद्दल विचारलं, तर तू दोन वाक्यांत संपवलंस. तू, जी चेअरमनच्या नोटिशीवर पानभर लिहितेस.

हिमू

————

समर्थनगर, औरंगाबाद
१५ मे २०१९

चि. हिमानी,

तक्रार करणारा तो आगाऊ माणूस मीच.

आधी बस. शंतनूला जवळ बसव. मग पुढं वाच.

फ्रॉक निळा होता कारण तो मी शिवला होता. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कपडे धुवायला पाणी नव्हतं, म्हणून मळ दिसू नये असा गडद निळा. तू तो सगळा उन्हाळा घातलास. टेपवर पाणी मागणारी तू आहेस. आणि ‘देते, थांब की’ म्हणणारी तुझी आई आहे. माझी मनू. तू विचारलंस ना, कशी बोलायची. तशी बोलायची. जग इकडचं तिकडं होवो, तिचा सूर हलायचा नाही.

त्या दुष्काळात गल्लोगल्ली रिक्षा फिरवून पाण्याचं वेळापत्रक सांगायचे. आधी एक पुरुष सांगायचा, पण बायका लक्ष देईनात. पाणी भरणार बायका, म्हणून बाईचा आवाज हवा असं ठरलं. मनू शाळेत शिकवायची, तिचे उच्चार आमच्या सिस्टरनी पट्टीनं मोजून घडवलेले. गुलमंडीतल्या कचरू साउंड सर्व्हिसचा कचरू तेव्हा पोरगेलासा होता. तो टेप घेऊन घरी आला; मी तेव्हा तुमच्याकडंच राहायची. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या लावून स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रण केलं. मी ड्यूटीवर होते. तू मधे ओरडलीस ते पुसायला टेप पुन्हा करावी लागली असती, पण कचरूची घाई, रिक्षा सुटायची होती. तसंच गेलं. त्या उन्हाळ्यात गावभर वाजलं आणि त्या वेळी, हिमू, कुणीही हसलं नाही. तेव्हा प्रत्येक घरातलं पोर तेच ओरडत होतं.

तुझं पत्र वाचून मी आवाज मोठा केला, तेव्हा हातातला फोन खाली ठेवताच येईना. त्या घरातला माठ, लावलेल्या खिडक्या, सगळं तिच्या आवाजामागं उभं होतं. तुला ‘बंद कर’ लिहिलं आणि दोन दिवसांनी गुलमंडीत त्याच्याकडं गेले. कचरूचे केस पांढरे झालेत, दुकान तेच. मी त्याला जे बोलले त्यातलं निम्मं इंग्रजीत होतं आणि उरलेलं सांगण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, आवाज कुनाचा हाय, मला ठाव नाय व्हय? टँकर पुन्हा सुरू झाले, मला बाईंची याद आली. टेप काढून लावली. पोरं नाचली, मी टाकलं. लोक हसतेत, खरंय. पर इतक्या सालांनी लोकांनी बाईंचा आवाज ऐकला तर खरा.”

मी म्हटलं, “तो ऐकवण्याचा हक्क तुला कुणी दिला?”

“कुनीच नाय,” तो म्हणाला. माझ्यासमोर त्यानं ते काढून टाकलं. मग आतून कॅसेट आणली, फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. “घ्या बाई. तुमचीच अमानत.”

ती माझ्या कपाटात आहे. मी ती लावलेली नाही. ते काढून टाकलं म्हणून संपलं, असं मला वाटलं होतं. संपलेलं नाही. लोकांच्या फोनमध्ये ते उतरलंय. रामकिसनच्या भोंग्यात आहे. दुपारी सगळं शहर उन्हात गप्प पडलेलं असतं आणि कुठून तरी दोन गल्ल्यांपलीकडून मनू म्हणते, देते, थांब की. मी दार उघडते. दर वेळी उघडते. बाहेर ऊन असतं.

तुला हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आता मुळीच नाही, या दिवसांत नाही. तुझे बाबा आणि मी, आमचं जन्मात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. पण तू रोज सकाळी ते लावत होतीस आणि मी ते तुझ्याकडून काढून घेतलं. तेव्हा सांगणं भाग आहे.

मावशी

————

शिलाँग
९ जून २०१९

मावशी,

तुझे तीन मेल आले. उत्तर दिलं नाही. रागावले होते. अजून आहे.

मी तिच्यावर हसले. शंतनूला म्हटलं होतं, ही बाई किती रुक्ष असेल, पोराला धड पाणीही देत नाही. वर्गात पोरांना तिची नक्कल करून दाखवली. ती माझी आई होती आणि मी माझीच नक्कल करत होते.

सगळ्यात वाईट काय सांगू? तू काढून टाकल्यावर मी आठवून पाहिला तो आवाज. शब्द आठवतात, चाल आठवते, आवाज येत नाही. दोनदा गेली ती माझ्याकडून.

दोन गोष्टी हव्यात. एक, कॅसेट. पोस्टानं नको, गहाळ होईल. दुसरी, ती कशानं गेली? ‘ताप’ म्हणू नकोस. डॉक्टरांना सांगायचं आहे आणि मलाही ऐकायचं आहे. तू मला पाणी दोनदा उकळायला का सांगितलंस?

हिमानी

————

समर्थनगर, औरंगाबाद
१६ जून २०१९

चि. हिमू,

रागाव. तो तुझा हक्क आहे. फक्त गप्प बसू नकोस. तीन आठवडे मी तुझ्या उत्तराची वाट पाहताना फोनचा आवाज चालू ठेवला होता. दिवसभर नको ते वाजत होतं, तरी बंद केला नाही.

कावीळ झाली होती मनूला. त्याच वर्षी, पावसाळा नावापुरता आला आणि गेला तेव्हा. तिला सातवा महिना होता. तुला भाऊ किंवा बहीण झाली असती. साध्या माणसाची कावीळ बरी होते, पण गरोदर बाईला ती झेपत नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. चार दिवसांत सगळं संपलं. पाणी कुठलं होतं, कोण सांगणार? घरात ती थेंबन्‌थेंब उकळायची. शाळेत कुणी पेलाभर दिलं असेल, वाटेत उसाचा रस घेतला असेल. तिला दवाखान्यात नेलं तेव्हाही बाहेर रस्त्यावर तिचीच टेप वाजत होती, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. तुझे बाबा, अनंतराव, धावत खाली गेले आणि रिक्षाचा भोंगा हातांनी दाबून धरला. त्या दिवसानंतर ते तिच्याबद्दल बोललेले नाहीत. ते टाळतात असं तुला वाटतं. मला वाटतं, त्यांचे हात अजून त्या भोंग्यावर आहेत.

तुझ्या माईबद्दल एक सांगते. पितृपक्षात अविधवा नवमीला ती दर वर्षी सवाष्ण जेवू घालते, ते मनूसाठी. तुला सांगायचे की कुणा लांबच्या काकूंसाठी आहे. पानाशेजारी पाण्याचं भांडं माई स्वतः भरून ठेवते आणि कुणाला हलवू देत नाही. तिनं मनूला कधी पाहिलं नाही, पण तिची तहान तिला ठाऊक आहे.

डॉक्टरांना हे सगळं सांग. तुला काही होणार नाही. तेव्हाचं आणि आताचं वेगळं आहे. हे मी तुला सांगतेय की स्वतःला, विचारू नकोस.

आता कॅसेट. माझ्याकडं ती वाजवायला काही नाही, म्हणून कचरूकडं घेऊन गेले. मला बघून त्यानं आधी स्टूल पुढं केलं आणि मग स्वतः दोन पावलं मागं सरकला. मी म्हटलं, “आज बोलणार नाही. हे फोनवर पाठवता येईल असं करून दे. ढोल नको. जसं आहे तसं.”

त्यानं फीत पेन्सिलीनं हळू घट्ट केली, यंत्रात घातली. मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. खरखर झाली आणि मनू आली. नागरिकांना कळविण्यात येते की. तू ओरडलीस. ती म्हणाली, देते, थांब की. मी म्हटलं, बस कर.

कचरू म्हणाला, “बाई, पुढं बी हाय. ते मी लोकांला ऐकवलं नाय. तितकंच कापलं होतं.”

“काय आहे पुढं?”

तो सांगायला लागला, तर मीच हात वर केला. सबंध शहराच्या भोंग्यांतून ऐकून झालं, हिमू, पण तेवढं माझ्याच्यानं ऐकवेना. साळूबाईचं बोलणं डोक्यात होतं. पुढंही तिनं पाणी दिलं नसेल तर? सूचना पुरी करायची होती, रिक्षा सुटायची होती, घरात त्या दिवशी पाणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी एक्स्चेंजमध्ये होते. तहानलेली तू मला कल्पनेत चालतेस. खरी नको.

सबंध फाइल सोबत आहे. पुढचं तुझं आहे. ऐकायचं की नाही, तू ठरव.

मावशी

————

शिलाँग
२३ जून २०१९

माझी मावशी,

ऐकलं. आधी एकटीनं, मग शंतनूबरोबर, मग बाबांना फोन लावून त्यांना ऐकवलं. फोन माईनं घेतला आणि म्हणाली, पुन्हा लाव, त्यांना पुन्हा ऐकायचंय.

तू जिथं थांबवलंस तिथून सांगते.

‘पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. नागरिकांनी सहकार्य करावे.’ मग जरा खरखर. एक पोरगेला आवाज म्हणतो, “झालं बाई, लई झ्याक.” तो तुझा कचरू. त्याला बंद करायचं सुचलेलं नाही. टेप चालूच आहे.

आणि मग, मावशी, तिचा सूर हलतो. सरकारी आवाज जातो. ती हसते. इतकं मोठ्यानं हसते की टेप फाटल्यासारखी वाजते. म्हणते, “बघा हो कचरू, उद्या गावात हिचंच भाषण गाजणार!” मग जवळ येत, “ये गं माझी चिमणी. कोरडी पडली का?”

झाकण वाजतं. माठाचं असणार. ओगराळं आत बुडतं. आणि पाणी पडतं, मावशी. पितळी भांड्यात पडावं तसं, आधी खणखणीत, मग भरत येतं तसं भरीव. “दोन्ही हातांनी धर. सांडू नको.” मी पिते. ते ऐकू येतं. घोट घोट घेते, मधेच श्वास घेते, पुन्हा पिते.

“अजून?”

“अजून.”

ती पुन्हा ओतते.

मग म्हणते, “बास आता. तेवढं राहू दे मावशीला. ड्यूटीवरून तहानलेली येईल ती.”

मी विचारते, “मावशी कधी येणार?”

“येईल की,” ती म्हणते. तिथं टेप संपते.

साळूबाईंना सांग, दिलं तिनं. दोनदा दिलं.

डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आणि तपासण्यांची यादी दिली. सगळं ठीक आहे. पोटातलं आता हलायला लागलंय.

या रविवारी मला इंटरनेटवर काही सापडलं नाही, म्हणून तुझीच फाइल तुला परत पाठवतेय. शेवटचा भाग वेगळा काढून दिलाय, तुला शोधावा लागू नये म्हणून. ती तुझ्यासाठी ठेवलेलं आहे म्हणाली, तेव्हा ते घ्यायला हवं.

तुझा फोन मुका असतो, माहीत आहे. एवढ्यापुरता आवाज मोठा कर.

हिमू